सांगलीत डिजिटल मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करायची आहे. दोन सेंटरचे दर वेगळे आहेत, तर काय विचारून निवडावं?

तुम्ही लिहिलंय त्यावरून असं दिसतं: आई ५२ वर्षांच्या, गाठ लागत नाही, त्रास काही नाही. पण त्यांच्या सख्ख्या बहिणीला ४६व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर निघाला म्हणून तपासणी करायची आहे. विट्याहून सांगलीला नेणार, दोन्ही सेंटर "डिजिटल" म्हणतात, दर मात्र वेगळे. शिवाय कुणीतरी सांगितलंय की सोनोग्राफीवर भागतं आणि मशीनमध्ये दाबल्याने उलट गाठ होते.

दरातला फरक बहुधा "डिजिटल" याच शब्दात दडलेला असतो. एका प्रकारात जुन्याच मशीनमध्ये कॅसेट घालतात आणि फोटो काढल्यावर ती वेगळ्या रीडरमध्ये वाचतात. हे सीआर. दुसऱ्यात डिटेक्टर मशीनमध्येच बसवलेला असतो, काही सेकंदांत चित्र पडद्यावर येतं. हे डीआर. सीआरला किरण जास्त लागतात, कॅल्शियमचे बारीक कण पकडण्यात ते मागे पडतं, आणि प्लेटवरची धूळ किंवा ओरखडा त्या कणांसारखाच दिसू शकतो. फोनवर सरळ विचारा, "कॅसेट काढून वाचता की चित्र थेट येतं?" सोबत आणखी दोन प्रश्न: बाई टेक्निशियन आहे का, आणि फिल्मबरोबर सीडी मिळते का. मशीनची एईआरबीकडे (अणुऊर्जा नियामक मंडळ) नोंदणी असायला हवी, तीही विचारायला हरकत नाही. थ्रीडी, म्हणजे टोमोसिंथेसिस, असेल तर उत्तम. त्यासाठी पुण्यापर्यंत जायची मात्र गरज नाही.

सोनोग्राफी मॅमोग्राफीची जागा घेत नाही. कॅन्सर दुधाच्या नळीतच असतो त्या अवस्थेत पुष्कळदा गाठ नसतेच, कॅल्शियमच्या कणांचा पुंजका तेवढा दिसतो, आणि तो सोनोग्राफीत सहसा निसटतो. उलट स्तन दाट असेल, म्हणजे रिपोर्टात घनता (ए ते डी या श्रेणींपैकी) सी किंवा डी लिहिली असेल, तर मॅमोग्राममध्ये गाठ लपू शकते. तिथे सोनोग्राफी जोडीला लागते. डिजिटलचा खरा फायदाही अशाच बायकांना. २००५ साली निघालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या, पाळी चालू असलेल्या आणि दाट स्तन असलेल्या बायकांत डिजिटल हे जुन्या फिल्मवरच्या मॅमोग्राफीपेक्षा सरस ठरलं; बाकीच्यांत दोन्ही जवळपास सारखंच.

दाबण्याबद्दल. प्रत्येक बाजूचे दोन फोटो घेतात, एक वरून खाली, एक तिरका काखेपर्यंत, एकूण चार. दर वेळी प्लेट काही सेकंद दाबून धरते आणि फोटो झाला की सुटते. दुखतं, पण त्याने गाठ होत नाही. दाबलं नाही तर एकावर एक आलेले पदर गाठीसारखे भासतात, हलल्याने कण पुसट होतात, किरणही जास्त लागतात. "हळू दाबा हो" म्हणून टेक्निशियनने हात आखडता घेतला, तर महागड्या मशीनचाही फोटो वाया जातो. चार फोटोंचा डोस साधारण ०.४ मिलिसिव्हर्ट, म्हणजे निसर्गातून दोनेक महिन्यांत मिळतो तेवढा.

तिरक्या फोटोत छातीचा स्नायू वरून निपलच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसायला हवा. तो नसेल तर मागचा भाग फोटोत आलेलाच नाही. हे काम खांदा सैल सोडण्यावर अवलंबून असतं. आईंचा खांदा आखडलेला असेल तर आधीच सांगा.

तयारी थोडीच आहे. त्या दिवशी आंघोळ करून जा, पण काखेत किंवा स्तनाखाली पावडर, डिओ, मलम काही लावू नका. उन्हाळ्यात घामोळ्यांची पावडर हमखास लावलेली असते आणि तिचे कण फोटोत पांढरे ठिपके होऊन येतात. मग पुसा, पुन्हा फोटो काढा. अंगभर गाऊन नको, साडी-ब्लाउज किंवा सलवार-कमीज बरी. मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवा. पाळी अजून चालू असेल तर ती येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात दुखणं कमी असतं. जुने फोटो असतील तर रिपोर्ट नव्हे, फोटोच न्या. रेडिओलॉजिस्ट बदल शोधतो, तो कागदावर दिसत नाही.

रिपोर्टात शेवटी बायरॅड्सचा आकडा असतो, म्हणजे कॅन्सरचा संशय किती हे सांगणारी ठरलेली श्रेणी. तो आधी बघा. १ आणि २ म्हणजे काळजी नाही. ० पाहून लोक उगाच घाबरतात. त्याचा अर्थ "अजून फोटो किंवा सोनोग्राफी हवी" एवढाच, आणि अशा बहुतेकांचं पुढे काही निघत नाही. ३ म्हणजे कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांपेक्षा कमी, सहा महिन्यांनी पुन्हा. ४ किंवा ५ आला तर सुईची बायोप्सी. इथे एक आग्रहाने सांगतो: कुणी "आधी गाठ काढून टाकू, मग तपासायला पाठवू" म्हणालं तर थांबा. सुईने कॅन्सर पसरतो ही भीती निराधार आहे. उलट आधीच गाठ काढली की पुढचं ऑपरेशन नीट आखता येत नाही आणि पुन्हा चिरायची वेळ येते. कॅन्सरचं काम नेहमी करणारे सर्जन जवळ मिरजेतच आहेत, त्यांचं मत घ्या.

किती वर्षांनी करायचं? एरवी या वयात दोन वर्षांनी. सख्ख्या बहिणीला झालाय म्हणून बरेच डॉक्टर दरवर्षी सांगतील, आणि ते योग्यच. मावशींना मुलगी असेल तर तिने मावशींना कॅन्सर निघाला त्या वयाच्या (४६) दहा वर्षं आधी, म्हणजे स्वतःच्या ३६व्या वर्षापासून सुरू करावं. घरात आणखी कुणाला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर जनुकाच्या तपासणीबद्दलही विचारा.

फोटो जमला नाही तर मधल्या काळात प्रशिक्षित हाताने केलेली तपासणीही वाया जात नाही. टाटा मेमोरियलच्या मुंबईतल्या वीस वर्षांच्या अभ्यासात, दर दोन वर्षांनी अशी तपासणी झालेल्या पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्के कमी झाले. सरकारी आरोग्य केंद्रात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी ती सोय आहे.

आणि रिपोर्ट १ आला, पण चार महिन्यांनी हाताला गाठ लागली, निपल आत ओढलं गेलं किंवा त्यातून रक्त आलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका. चांगल्या मॅमोग्राममधूनही काही कॅन्सर निसटतात. त्या आठवड्यातच डॉक्टरांना हाताने तपासायला सांगा आणि त्याच जागेची सोनोग्राफी करून घ्या.