तिशीतला मधुमेह आणि मेंदू

वय ३४. दोन वर्षांपूर्वी टाइप २ मधुमेह निघाला. हल्ली बोलताना शब्द अडतात, नावं आठवत नाहीत. स्मृतिभ्रंशाची सुरुवात तर नाही?

या वयात, दोन वर्षांच्या मधुमेहानंतर ती शक्यता फारच कमी. आधी दुरुस्त होण्याजोगी कारणं शोधू. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण आराम करतानाही तो सुमारे २० टक्के ऊर्जा एकटा संपवतो, तीही मुख्यतः ग्लुकोजमधून. स्वतःचा साठा जवळपास नाहीच. त्यामुळे साखर फार चढली किंवा उतरली की तो कुरकुरतो. शब्द अडला की त्याच वेळी साखर मोजा आणि दोन आठवडे वहीत वेळेसह लिहा. 'माझं एचबीएवनसी छान आहे' एवढ्यावर विसंबू नका. ती रक्तातल्या साखरेची दोन-तीन महिन्यांची सरासरी, तिच्यात रोजचे हेलकावे दिसत नाहीत.

मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्व तपासा. दीर्घकाळ घेतल्यावर ते कमी होऊ शकतं आणि त्याचा परिणाम नसांवर, स्मरणावर होतो. घोरता का, झोपेत श्वास अडतो का, हे घरच्यांना विचारा. स्वतःला ते कळत नाही. आणि मन कसं आहे? मधुमेहींमध्ये नैराश्य इतरांच्या जवळपास दुप्पट आढळतं, पण रुग्ण 'उदास वाटतं' म्हणत नाही, 'विसरायला होतं' म्हणतो.

वय २९. साखर जास्तच असते, पण त्रास काही नाही. मेंदूबिंदूचं पन्नाशीनंतर बघू, चालेल का?

नाही चालणार. ब्रिटनमधल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५ पासून पाठपुरावा करणाऱ्या व्हाइटहॉल अभ्यासाचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. सत्तरीच्या लोकांत मधुमेह जितका आधी जडलेला, तितका स्मृतिभ्रंशाचा धोका जास्त. दर पाच वर्षांमागे साधारण २४ टक्क्यांनी. हा संबंध आहे, तुमचं भविष्य नव्हे. पण जास्त साखर मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं खराब करते आणि तेव्हा काहीच दुखत नाही. रक्तदाबही त्याच वाहिन्यांवर घाव घालतो, म्हणून मी मधुमेह्याला साखरेइतकंच रक्तदाबाबद्दल विचारतो. सिगारेट ओढत असाल तर तीही आधी सोडा.

इन्सुलिन घेते. एका रात्री साखर ५० वर आली, घामाने जाग आली. मेंदूच्या पेशी मेल्या असतील का?

जाग आली, साखर घेतली, बरं वाटलं. अशा प्रसंगाने कायमची इजा होणं अगदी विरळा. फार वेळ बेशुद्ध पडणं वेगळं. मला काळजी वाटते ती वरचेवर साखर उतरण्याची. अशाने शरीराची धोक्याची घंटा बोथट होते: घाम नाही, थरथर नाही, थेट गोंधळ. काही आठवडे साखर उतरू दिली नाही तर ही जाणीव बऱ्याच जणांत परत येते. त्यासाठी रात्रीचा डोस डॉक्टरांकडून तपासून घ्या. ७० च्या खाली गेली की १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटांनी पुन्हा मोजणी. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात उशिरा पोचते.

अल्झायमर म्हणजे 'टाइप ३ मधुमेह' असं वाचलं. खरं का?

संशोधकांच्या चर्चेतला शब्द आहे, निदान नव्हे. कुणी या नावाने तपासणीचं पॅकेज विकत असेल तर पैसे वाचवा.