दोन वर्षं घरी होते, हे कव्हर लेटरमध्ये कसं लिहू?

बडोद्यात दांडिया बाजारातल्या माझ्या खोलीवर ऋता (नाव बदललंय) आली, तेव्हा तिच्या हातात कव्हर लेटरच्या सात प्रिंट होत्या. एम.एससी. केमिस्ट्री, दीड वर्ष एका औषध कंपनीच्या क्यूसी (म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या) लॅबमध्ये नोकरी, आणि मग दोन वर्षं घरी. वडिलांचं डायलिसिस. आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, जाणं-येणं वेगळं. आता भाऊ सुरतेहून परत आलाय आणि त्यानं ते काम अंगावर घेतलंय. पण तीन महिने अर्ज करूनही हिला एक फोन नाही.

"ताई, गॅप लपवायचा का? खोटं तर नाही ने लिहायचं?" (हा 'ने' गुजरातीतून बडोद्याच्या मराठीत शिरलाय, आता निघायचा नाही.)

हा प्रश्न माझ्याकडे सारखा येतो. कुणाची वर्षं बाळंतपणात गेलेली, कुणाची स्पर्धा परीक्षांत. लपवून उपयोग नसतो, बायोडेटातल्या तारखा बोलतातच. पण लपवायचं नाही म्हणजे सगळं उलगडून सांगायचं, असंही नाही.

ऋतानं नेमकं तेच केलं होतं. पहिल्या परिच्छेदात ती 'हार्डवर्किंग, सिन्सिअर अँड डेडिकेटेड'. पुढचा अख्खा परिच्छेद वडिलांवर, त्यात 'अनफॉर्च्युनेटली' तीनदा. वाचून गलबलून आलं, पण या मुलीला काय येतं ते कळेना. शिवाय दोन प्रिंटमध्ये वर एका कंपनीचं नाव आणि खाली दुसरीचंच! दाखवल्यावर तिनं कपाळाला हात लावला.

मी मोबाइलवर जाहिरात उघडायला लावली. त्यांना एचपीएलसीचा, म्हणजे नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या मशीनचा, अनुभव हवा होता, नोंदी चोख ठेवणारा माणूस हवा होता, आणि शिफ्टची तयारी. म्हटलं, "त्या मशीनवर तू काय करायचीस, मला समजेल असं सांग."

तिचा आवाजच बदलला. एकदा ग्राफवरचा पीक, म्हणजे उंच टोक, दुभंगून येत होता. सगळे मशीनला नावं ठेवत होते. हिनं मशीनमधली घटक वेगळे करणारी नळी, म्हणजे कॉलम, बदलून तोच नमुना पुन्हा चालवला, पीक सरळ आला. मग दोन्ही ग्राफ जोडून रीतसर नोंद केली.

"हे पत्रात कुठाय?"

"हे तर रोजचंच काम, ताई."

आम्ही तेच रोजचं काम पत्रात घातलं, चार वाक्यांत. त्याच्या आधी कुठलं पद, किती अनुभव, एवढंच. गॅपला दोन वाक्यं: घरातल्या आजारपणामुळे दोन वर्षं नोकरीतून बाहेर होते. आता घरी दुसरी व्यवस्था झाली आहे, शिफ्टसह पूर्णवेळ काम करू शकते. यातलं दुसरं वाक्य बहुतेक जण विसरतात. खरं तर 'का सोडली' यापेक्षा 'पुन्हा सोडेल का' हीच धास्ती एचआरला जास्त असते. 'अनफॉर्च्युनेटली' खोडताना मात्र ती अडली. "बापाला सांभाळलं, त्यात दुर्दैव कसलं?" असं विचारल्यावर तिनंच पेन उचललं.

मध्येच म्हणाली, "तुम्हीच लिहून द्या ना." सयाजीरावांच्या पत्रांचे मसुदे करायला अरविंद घोष होते, 1893 मध्ये ते इथे नोकरीला आले होते. आपल्याला आपलंच लिहावं लागतं, कारण मुलाखतीत त्यातल्याच शब्दावर बोट ठेवून विचारतात. तिचं इंग्रजी साधं होतं, मी ते साधंच राहू दिलं. पाऊण पानात पत्र संपलं.

तिनं तीन ठिकाणी तीन वेगळी पत्रं पाठवली. मकरपुऱ्याच्या एका लॅबमधून बोलावणं आलं. मुलाखत झाल्यावर फोनवर जरा फुरंगटलेलीच होती. अर्धा तास त्या दुभंगलेल्या पीकबद्दल खोदून खोदून विचारलं म्हणे. गॅपचं उत्तर दोन दिवस आरशासमोर घोकलं होतं, ते कुणी विचारलंच नाही.