‘सोबत कोण आलंय?’ : वाचकांचे प्रश्न

प्रजनन आरोग्याबद्दल तरुण वाचकांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले हे प्रश्न. नावं, कॉलेज, वस्ती काढून टाकली आहे. दिवस आणि आठवडे मात्र जसेच्या तसे ठेवले, कारण या विषयात अर्धं उत्तर त्यांच्यातच असतं.

प्रश्न : मी २१ वर्षांची, नागपुरात होस्टेलवर राहते. पाळी १२ दिवस लांबली. घरी टेस्ट केली, दोन रेषा आल्या. एका खासगी दवाखान्यात गेले तर ‘लग्न झालंय का? सोबत कोण आलंय? नवऱ्याची नाहीतर वडिलांची सही लागेल’ असं म्हणाले. गावी कळलं तर शिक्षण बंद होईल. मेडिकल स्टोअरमधून परस्पर गोळ्या घेऊ का?

सही फक्त तुमची लागते. १८ पूर्ण झालेल्या बाईच्या गर्भपातासाठी नवरा, वडील, भाऊ, होस्टेलची वॉर्डन, कुणाचीही संमती गर्भपाताबद्दलच्या १९७१च्या कायद्यात मागितलेली नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर गर्भनिरोधक निकामी ठरल्याच्या कारणात ‘विवाहित स्त्री किंवा तिचा पती’ हे शब्द गेले आणि ‘स्त्री किंवा तिचा जोडीदार’ असे आले. म्हणजे लग्नाचा प्रश्नच उरला नाही. तरी टेबलापलीकडून तो विचारला जातो. बहुतेक वेळा नंतर कुणी नातेवाईक येऊन भांडेल या भीतीने विचारतात. भीती समजू शकते, पण तिचा भार तुम्ही वाहायचं कारण नाही. तुमचं नाव आणि माहिती बाहेर फोडणाऱ्या डॉक्टरला त्याच कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही आहे.

आता हिशेब. दिवस संबंधाच्या तारखेपासून मोजत नाहीत, शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तुमची पाळी २८ दिवसांची धरली तर आज ४०वा दिवस, म्हणजे पाच आठवडे पाच दिवस. गोळ्यांनी गर्भपात ९ आठवड्यांपर्यंत, म्हणजे ६३व्या दिवसापर्यंत करता येतो. हातात २३ दिवस आहेत. घाबरायचं कारण नाही, पण सेमिस्टर संपेपर्यंत थांबण्याइतके ते नक्कीच नाहीत.

परस्पर गोळ्या नकोत, आणि हे नीतीसाठी सांगत नाही. गर्भ नळीत असेल तर या गोळ्यांचा काही उपयोग होत नाही. थोडा रक्तस्राव होतो, बाई ‘झालं’ समजून निश्चिंत होते आणि नळी फुटली की जीवावर बेततं. गर्भ गर्भाशयातच आहे ना, हे तपासणीत आणि सोनोग्राफीत कळतं. हिमोग्लोबिन ८च्या खाली असेल तर गोळ्या देत नाहीत, आणि आपल्या भागात ८च्या खालच्या मुली कमी नाहीत. रक्तगट निगेटिव्ह असेल तर इंजेक्शन लागेल का, तेही डॉक्टर आधीच बघतात. तांबी बसवलेली असेल तर ती आधी काढावी लागते.

सोनोग्राफी सेंटरवर ओळखपत्र मागतील आणि एक फॉर्म भरून घेतील. गर्भलिंगनिदान रोखण्याच्या कायद्याखालचा तो फॉर्म प्रत्येक गर्भवतीचा भरतात. त्यात पतीऐवजी वडिलांचं नाव चालतं आणि तो तुमच्या घरी जात नाही.

कुठे जायचं? सरकारी रुग्णालयांना या सेवेसाठी वेगळी परवानगी लागत नाही. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो रुग्णालय किंवा गांधीबागेतलं डागा रुग्णालय, तिन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे. सकाळी ओपीडीच्या वेळेतच जा. खासगीत जायचं तर मान्यतेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय का, ते बघा. आयुर्वेदिक किंवा होमिओपॅथीच्या डॉक्टरला गर्भपात करण्याचा अधिकार नाही, पाटी कितीही मोठी असो.

पहिल्या दिवशी मिफेप्रिस्टोन २०० मिलिग्रॅमची एक गोळी. २४ ते ४८ तासांनी मिसोप्रोस्टॉल २०० मायक्रोग्रॅमच्या चार गोळ्या, गालात, जिभेखाली किंवा योनीत, डॉक्टर सांगतील तशा. त्यानंतर काही तासांत पोटात कळा येतात आणि पाळीपेक्षा जास्त रक्त जातं, गाठीही पडतात. हे अपेक्षित आहे. पुढे दहा-पंधरा दिवस थोडं थोडं जात राहतं. दुसऱ्या गोळ्यांच्या दिवशी रात्रीच्या बसने गावी निघू नका, विश्वासातली एखादी मैत्रीण जवळ असू द्या. सलग दोन तास, दर तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजत असतील, २४ तासांनंतरही ताप असेल, किंवा घाण वास येत असेल, तर वाट न बघता दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८. उलट, चार गोळ्या घेऊन दिवस गेला आणि रक्तच आलं नाही, तर तेही तितकंच तातडीचं.

पंधराव्या दिवशीची तपासणी चुकवू नका. बहुतेक घोटाळे इथेच होतात. रक्त थांबलं म्हणून मुली जात नाहीत आणि थोडा भाग आत राहून जातो. शंभरातल्या मोजक्या जणींना पिशवी रिकामी करायला नंतर सक्शन लागतं. सक्शनला पाच-दहा मिनिटं लागतात, १२ आठवड्यांपर्यंत थेट ते करूनही घेता येतं. घरच्या टेस्टवर विसंबू नका. गर्भपात नीट झाला तरी ती तीन-चार आठवडे दोन रेषा दाखवू शकते. आणि गोळ्यांनंतर आठ-दहा दिवसांतही बीज बाहेर पडू शकतं, तेव्हा पुढच्या पाळीची वाट न बघता गर्भनिरोधक सुरू करा. ‘तांबी बसवली तरच गर्भपात करू’ अशी अट मात्र कुणीही घालू शकत नाही.

प्रश्न : दोन महिन्यांत ७२ तासांची गोळी चार वेळा घेतली. आता पाळीचा पत्ता नाही. कायमचं काही बिघडलं का? (वय २३)

कायमचं काही बिघडत नाही. पण आधी लघवीची टेस्ट करा. शेवटच्या संबंधाला तीन आठवडे झाले असतील तर उत्तर पक्कं मिळतं, त्याआधी ‘एक रेष’ आली तर ती अर्धवट बातमी समजा. सकाळची पहिली लघवी घ्या, थेंब पाकिटावर लिहिलेत तेवढेच टाका आणि पाच मिनिटांनी वाचा. तासाभराने उमटलेली फिकट रेष धरू नका. आशाताईंकडे ‘निश्चय’ किट मिळतं.

संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या या गोळीत लेव्होनॉर्जेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅम असतं. ती बीज बाहेर पडणं पुढे ढकलते, एवढंच. बीज आधीच बाहेर पडलं असेल तर तिच्या हातात काही नाही. म्हणून ७२ तास ही शेवटची मुदत समजायची, सोय नव्हे. बाराव्या तासाला घेतलेली गोळी सत्तराव्या तासाच्या गोळीपेक्षा बरीच भरवशाची. दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. टीबीचं रिफाम्पिसिन किंवा फिट्सची काही औषधं चालू असतील तर तिचा असर कमी होतो. सगळ्यात मोठा गैरसमज म्हणजे ‘एकदा घेतली की महिनाभर बघायला नको’. ढकललेलं बीज पुढे कधीतरी येतंच, गोळीनंतरच्या संबंधाला तिचं संरक्षण नाही.

चिठ्ठीशिवाय मिळते ती हीच गोळी. पाच गोळ्यांचा किट हा गर्भपाताचा, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. दोघांची नावं कानाला इतकी सारखी लागतात की काउंटरवर हळू आवाजात मागितलं तर भलतंच हातात पडू शकतं. पाकीट उघडण्याआधी आतल्या औषधाचं नाव वाचा.

महिन्यात दोनदा ही गोळी लागत असेल तर ती तुमच्यासाठी नाहीच. सरकारी दवाखान्यात ‘छाया’ ही गर्भनिरोधक गोळी आहे : पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्यातून एकदा. ‘अंतरा’ इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं. त्यात पाळी अनियमित होते किंवा थांबते, हे आधी माहीत नसलेल्या मुली घाबरून दुसरा डोस सोडून देतात. तांबी मूल न झालेल्या मुलीलाही बसवता येते.

प्रश्न : बहिणीची मुलगी १७ वर्षांची, आमच्याकडे राहून बारावी करते. तिला चौथा महिना असावा. मुलगा तिच्याच क्लासमधला. पोलिसांत जायचं नाही. डॉक्टर नाव न घेता करतील का?

पोलिसांना कळवलं जाणार, हे धरूनच चला. १८च्या आतल्या मुलीची संमती पोक्सो, म्हणजे मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखण्याचा कायदा, मानत नाही, मुलगा कितीही ओळखीचा असो. असं प्रकरण कळल्यावर डॉक्टरने कळवलं नाही तर शिक्षा त्याला होते. मात्र २९ सप्टेंबर २०२२च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की मुलीने आणि पालकाने विनंती केली तर गर्भपातासाठी डॉक्टरला त्या कळवण्यात मुलीचं नाव, ओळख देण्याची गरज नाही. ही विनंती पहिल्याच भेटीत तोंडी आणि लेखी करा. याच निकालाने अविवाहित मुलींनाही २४ आठवड्यांपर्यंतची वाट मोकळी केली.

अल्पवयीन मुलीसाठी पालकाची लेखी संमती लागते. पण कायद्यातला पालक म्हणजे आई-वडीलच असं नाही, मुलीचा सांभाळ करणारी व्यक्ती. तुम्ही मावशी आहात, ती तुमच्याकडे राहते, तेव्हा हे आधी डॉक्टरांना सांगा. तिच्या आईपासून हे लपवायचं की नाही, तो निर्णय मात्र मुलीला विचारून घ्या. तिच्या डोक्यावरून नव्हे.

चौथा महिना म्हणजे नेमके किती आठवडे, ते उद्याच सोनोग्राफीत बघा. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ दरम्यान दोन डॉक्टर लागतात, आणि अल्पवयीन मुलगी त्या यादीत आहेच. त्यापुढे फक्त गर्भात गंभीर दोष असेल तर वैद्यकीय मंडळ परवानगी देतं, नाहीतर उच्च न्यायालयात जावं लागतं, आपल्याकडे नागपूर खंडपीठात. घरोघरचा अनुभव असा की आठवडे कायद्यात जात नाहीत, ‘आता कुणाला सांगायचं’ या विचारात जातात. एफआयआर नाही म्हणून उपचार अडवता येत नाहीत.

आणि तिला एकटीला, तुम्ही खोलीबाहेर असताना, डॉक्टरांना विचारू द्या की हे सगळं तिच्या मर्जीने झालं का. जबरदस्ती असेल तर सरकारी काय, खासगी रुग्णालयालाही प्रथमोपचार आणि उपचार मोफत आणि ताबडतोब द्यावे लागतात. प्रसंग ७२ तासांच्या आतला असेल तर एचआयव्ही टाळण्याची २८ दिवसांची औषधंही मिळतात. मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर, १०९८वर, रात्रीही फोन लागतो.

प्रश्न : आमचं लग्न ठरलंय. दोघंही सिकलसेलचे ‘एएस’ निघालो. घरचे म्हणतात मोडा.

मोडायचं की नाही हे तुम्ही ठरवा, आम्ही फक्त गणित मांडतो. सिकलसेल हा आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. दोघं वाहक, म्हणजे ‘एएस’, असाल तर प्रत्येक गरोदरपणात बाळ ‘एसएस’, म्हणजे आजारी असण्याची शक्यता चारात एक, वाहक असण्याची चारात दोन आणि पूर्ण निरोगी असण्याची चारात एक. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिलं बाळ निरोगी झालं म्हणून दुसऱ्याचा धोका घटत नाही.

आधी ‘एएस’ पक्कं करा. शिबिरातली सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकलचं हिमोग्लोबिन आहे की नाही एवढं सांगते, एएस की एसएस ते इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या रक्ततपासण्यांत ठरतं. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलं असेल तर ते आधी सांगा, निकाल फसवा येऊ शकतो.

लग्न केलंत तर गर्भाची तपासणी होऊ शकते : साधारण ११ ते १३ आठवड्यांत वारेचा तुकडा घेऊन, किंवा १६च्या आसपास गर्भजलातून. त्यासाठी दोघांचे रिपोर्ट आधीच तयार हवेत. पाळी चुकल्यावर धावपळ सुरू केली तर रिपोर्ट हाती येईपर्यंत २० आठवडे जवळ येतात.

प्रश्न : मुलगा, वय १९. लघवीला जळजळ आणि पिवळसर स्राव. फॅमिली डॉक्टर बाबांचे मित्र.

त्यांच्याकडे जाऊच नका. मोठ्या सरकारी रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे गुप्तरोगांचीच तपासणी होते. या लक्षणांना करड्या रंगाचा किट देतात : ॲझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, एकाच वेळी, शक्यतो तिथेच समोर. एचआयव्ही आणि सिफिलिसची चाचणी सोबत करून घ्या. जोडीदारालाही उपचार लागतात, तिला त्रास नसला तरी. नाहीतर आठवड्याभरात पुन्हा तेच. दोघांचे उपचार झाल्यावर सात दिवस संबंध नकोत.

कंडोम वापरूनही झालं असेल तर तो ठेवला कुठे होता ते आठवा. मे महिन्यात दुचाकीच्या डिक्कीत रबराचं काय होतं हे नागपूरकराला सांगायला नको. पाकिटात महिनोन्‌महिने दबलेलाही तसाच. खोबरेल तेल लावलं तर तो फाटतोच.

प्रश्न : मुलगी १४ वर्षांची, पाळी कधी २० दिवसांनी, कधी ५० दिवसांनी. शाळेतल्या निळ्या गोळीमुळे का?

गोळीमुळे नाही. पहिली दोन-तीन वर्षं असं होतं. सात दिवसांहून जास्त रक्त जात असेल किंवा तीन महिने पाळीच आली नाही तर दाखवा. १० ते १९ वयासाठी सरकारी दवाखान्यांत ‘मैत्री क्लिनिक’ आहे, तिथे ती एकटीही बोलू शकते. निळी गोळी लोहाची, आठवड्यातून एक. जेवणानंतर द्या, लगेच वर चहा नको. संडास काळी झाली तर घाबरू नका, लोहाने तसं होतंच.