नैसर्गिक संयुगांच्या यादीतून साखरेचे भाग सॉफ्टवेअरने शोधले तर भरवसा ठेवता येतो का?

येतो, पण ते सॉफ्टवेअर साखर कशाला म्हणतं हे तुम्ही वाचलेलं असेल तरच. न वाचता चालवणारे पुष्कळ पाहिलेत. न चालवताच नावं ठेवणारे त्याहून जास्त.

कोल्हापुरातल्या एका कॉलेजात मी याच विषयावर सेमिनार देत होतो. पहिल्या बाकावरचे एक सर मध्येच म्हणाले, "गुळाच्या गावात साखर ओळखायला कॉम्प्युटर कशाला लागतोय रे?" पोरं हसली. म्हटलं, सर, मग फळ्यावर नियम लिहा. त्यांनी लिहिलं: रिंगमध्ये, म्हणजे अणूंच्या कड्यात, एक ऑक्सिजन, भोवती ओएच (ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट). किती? तर म्हणे "भरपूर". हे 'भरपूर' प्रोग्रामला सांगायचं कसं? २०२० सालची शुगर रिमूव्हल युटिलिटी, म्हणजे रेणूतले साखरेचे भाग शोधून काढून टाकणारं सॉफ्टवेअर, ते आकड्यात मांडते: पाच ते सात अणूंची, दुसऱ्या रिंगेत न गुंतलेली रिंग, बंध सगळे एकेरी, आत एकच ऑक्सिजन आणि बाहेरून थेट जोडलेले ऑक्सिजन रिंगच्या अणूंच्या निम्मे तरी. ग्लुकोज सहाला चार, म्हणजे रिंगमध्ये सहा अणू आणि बाहेर चार ऑक्सिजन, पास. मायो-इनोसिटॉलचं सूत्रही सी६एच१२ओ६च, पण रिंगमध्ये ऑक्सिजन नाही, म्हणून बाहेर. मग मी एरिथ्रोमायसिन काढलं, दोन साखरा जोडलेलं अँटिबायोटिक. त्यातला क्लॅडिनोज सहाला तीन, काठावर पास. दुसरी साखर डेसोसामीन सहाला दोन, नापास. तिसऱ्या जागी डायमिथाइलअमिनो, म्हणजे नायट्रोजनचा गट, बसलाय आणि चौथी जागा डीऑक्सी, म्हणजे तिथं ऑक्सिजनच नाही. सर म्हणाले, "मग आकडा उतरव की." उतरवला, तर दोन ओएचवाली कुठलीही टेट्राहायड्रोपायरान रिंग (एक ऑक्सिजन, पाच कार्बनची) साखर म्हणून आत घुसते. तिथं सर गप्प. नंतर स्टाफरूममध्ये मात्र "पोरगं उगाच खुसपट काढतंय" असं सांगत सुटले.

तर तुम्ही आधी आहे त्या सेटिंगवर चालवा. मग अमिनो साखरा (डेसोसामीनसारख्या, नायट्रोजनवाल्या) आणि न्यूक्लिओसाइड (नायट्रोजनवाल्या बेसला जोडलेली साखर) वेगळे चाळा. अ‍ॅडेनोसिनमधला रायबोजसुद्धा पाचाला दोनच भरतो, कारण पहिल्या कार्बनवर नायट्रोजन आहे. अशांसाठी स्वतंत्र स्मार्ट्स पॅटर्न, म्हणजे रेणूतला ठरावीक तुकडा शोधायची लेखी खूण, लिहा, सरसकट आकडा खाली आणू नका. गाईड "डोळ्यानं बघ" म्हणाले तर त्यांच्याकडूनही नियम लेखी घ्या.

हो, राहिलंच: हे सगळं रिंगवाल्या साखरांचं. सरळ साखळीतल्या साखरा पॅटर्न जुळवून शोधतात, तिथं हा हिशोब लागू नाही. आणि सापडलेला तुकडा ग्लुकोज की गॅलॅक्टोज, हे या नियमाला कळत नाही. त्यासाठी स्टिरिओची, म्हणजे अणूंचे गट कुठल्या बाजूला वळलेत याची, माहिती हवी, आणि ती तुमच्या यादीत धड असेलच असं नाही.