खिशातला घडीचा चाकू: डी-टू घ्यावा की साधं स्टेनलेस?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: शिरपूरकडे केळी नि कपाशीचं शेत आहे, खिशात ठेवायला घडीचा चाकू हवाय. ऑनलाइन पाहिलं तर एकसारख्याच दिसणाऱ्या चाकूंवर ४२०, ८सीआर१३एमओव्ही, डी-टू, १४सी२८एन, एस३०व्ही अशी पोलादांची नावं आहेत आणि किमतीत कुठल्या कुठे फरक. कुणीतरी सांगितलं की डी-टू सगळ्यात दणकट, तर तोच घेऊ का?

नका घेऊ. आणि हे मी डी-टूवर पोट असलेला माणूस म्हणून सांगतोय. जळगाव एमआयडीसीत टूलरूमला, म्हणजे कारखान्यांची हत्यारं नि साचे बनवतात तिथे, आहे. इथल्या चटईच्या नि पाइपच्या कारखान्यांत भंगार प्लास्टिक बारीक करायच्या ग्राइंडरला जी पाती लागतात, ती आम्ही डी-टूचीच करतो. पंच, डाय, सगळीकडे तेच. त्यामुळे घडीचा चाकू घ्यायची वेळ आली तेव्हा मीही विचार न करता डी-टूच मागवला. घरचं पोलाद, दुसरीकडे कशाला बघायचं!

श्रावणात चोपड्याकडे आमच्या बागेत गेलो होतो. ठिबकच्या दोन-चार नळ्या कापल्या, खाली लोंबलेली वाळकी पानं काढली, एक फणी उतरवली आणि चाकू पँटीला पुसून घडी घालून खिशात टाकला. केळीचा चीक कपड्याला लागला तर डाग जन्मात जात नाही हे आपल्याकडे पोराटोरांनाही माहीत असतं. पण तोच चीक पोलादावर काय करतो याचा विचार मी केला नव्हता. दोन दिवसांनी चाकू उघडायला गेलो तर आधी उघडेचना, चीक सांध्यात वाळून बसलेला. उघडला तेव्हा पात्यावर काळे पट्टे आणि मुळाशी तांबूस ठिपके. ठिपके घासून काढले, तर खाली टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे राहिले. ते आजही आहेत.

काळे पट्टे चिकातल्या टॅनिनमुळे पडतात. टॅनिन आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो, तो नुसता डाग. खड्डे म्हणजे गंज. आता तुम्ही म्हणाल, डी-टूमध्ये १२ टक्के क्रोमियम असतं, मग गंजतं कसं? साधारण साडेदहा टक्क्यांच्या वर क्रोमियम गेलं की पोलादाला स्टेनलेस म्हणतात, हे खरं. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून पात्यावर न दिसणारा पातळ थर धरतं, तोच थर गंज अडवतो. पण डी-टूमध्ये कार्बनही दीड टक्का असतो, आणि कार्बनला क्रोमियम फार प्रिय. तो बरंचसं क्रोमियम ओढून घेतो आणि दोघांचे कठीण कण, म्हणजे कार्बाइड, तयार होतात. पंगतीला बारा वाढपी सांगितले, त्यातले बरेचसे आत चुलीपाशीच जेवायला बसले, तर बाहेर वाढायला कोण? डी-टूचं तसंच आहे. कागदावर क्रोमियम आहे, पण गंज अडवायला मोकळं फार थोडं.

हेच कार्बाइड दुसऱ्या बाजूने डी-टूचं बळ आहेत. कोरडा पुठ्ठा, दोरी, प्लास्टिकच्या पट्ट्या कापायच्या असतील तर धार टिकते, खोटं कशाला बोलू. पण ती गेली की परत आणणं हे वेगळंच काम. घरच्या साध्या दगडावर मी एक पूर्ण संध्याकाळ घासत बसलो होतो. बायको म्हणाली, "चाकू आणलाय की नवस बोललाय?"

आणि शेतात धार जातेच. पोलाद कुठलंही असो. खताची गोणी, चिखलात लोळलेली नळी, धुळीने माखलेलं सुतळीचं बंडल, या सगळ्यावर वाळूचे बारीक कण असतात आणि वाळू ही कडक केलेल्या पोलादाच्या मूळ अंगापेक्षाही कठीण असते. म्हणून मी चाकू निवडताना धार किती दिवस टिकते हे आधी बघत नाही. ती गेल्यावर ओट्यावर उभ्या उभ्या किती मिनिटांत परत येते, हे बघतो. तुमच्या कामाला माझ्या मते हाच प्रश्न पहिला.

या हिशोबाने नावं वाचून पाहू. नुसतं '४२०' लिहिलं असेल तर पुढे जा. त्यात कार्बन ०.१५ टक्क्यापासून ०.४ पर्यंत काहीही असू शकतो. खालच्या बाजूचं असेल तर ते चमच्याला बरं, चाकूला नाही. '४२०एचसी' मात्र वेगळं, कार्बन पाऊण नाही पण अर्ध्या टक्क्याच्या आसपास. अमेरिकेतली बक ही कंपनी वर्षानुवर्षं हेच स्वस्तातलं पोलाद वापरते, पण ते नीट तापवून-थंडवून ५८ आरसीपर्यंत नेते आणि लोक त्या चाकूंवर खूश असतात.

आरसी म्हणजे रॉकवेल सी. हिऱ्याचा शंकू १५० किलोच्या दाबाने पोलादात रुतवायचा आणि किती खोल गेला त्यावरून आकडा काढायचा. आकडा जास्त तितकं पोलाद कठीण. खिशातल्या चाकूला ५६ ते ६१ ही वापरातली पट्टी. ५६ ची धार जोर पडला की वाकते, पण दगडावर चार हात मारले की सरळ होते. ६१-६२ ची धार वाकत नाही, हाडाबिडाला किंवा तारेला लागली तर तिचा टवका उडतो.

पोलादाच्या नावाइतकंच किंबहुना जास्त महत्त्व हा कडकपणा कसा आणलाय याला आहे. अमळनेरच्या बाजारात रस्त्याकडेला भाता लावून विळे-खुरपी करणारे एक लोहारबाबा होते, त्यांच्यापुढे मी एकदा पोलादांची नावं फेकत होतो. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "नाव काय वाचस भाऊ, पानी कसं देयेल शे ते देख." टूलरूममध्ये आम्ही त्याला हार्डनिंग-टेम्परिंग म्हणतो, लोहार पाणी देणं म्हणतात, गोष्ट एकच. ते ट्रकच्या कमानीचे जुने पाटे वापरायचे. त्यात कार्बन अर्धा-पाऊण टक्का, लालभडक करून तेलात बुडवलं की कडक होतं, मग थोडं परत तापवून त्याचा ठिसूळपणा घालवायचा, तोही थर्मामीटरशिवाय, पात्यावर चढणाऱ्या रंगावरून. गवती पिवळा आला की थांबायचं, निळा आला की धार नरम पडली. डी-टूला असं भट्टीवर नीट पाणी देणं अवघड. त्याला हजार अंशांच्या वर काही वेळ सारखं तापमान लागतं, त्यासाठी फर्नेसच हवी.

म्हणूनच स्वस्त 'डी-टू'वर विश्वास ठेवताना जपून. दुसऱ्यांदा मी हौसेने असाच एक ऑनलाइन मागवला, किंमत बघूनच शंका आली होती. पात्याच्या पाठीवर, घडीत झाकल्या जाणाऱ्या भागावर, कानस हलकेच फिरवली. साठच्या घरातल्या पोलादावर कानस काचेवरून घसरावी तशी घसरते. इथे ती सरळ चावली. कारखान्यातल्या मशीनवर ठेवला तर ५४. ते डी-टू नव्हतंच, की डी-टूला पाणीच नीट दिलं नव्हतं, हे तो विकणाराच जाणे. कानशीची ही परीक्षा तुम्हीही घरी करू शकता, फक्त धारेवर करू नका.

८सीआर१३एमओव्हीच्या नावातच मसाला लिहिलेला आहे: कार्बन ०.८ टक्का, क्रोमियम १३, शिवाय थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. चिनी पोलाद, पण नाक मुरडण्यासारखं नाही. धार पटकन लागते. कमी पैशांत पहिला चाकू घेणाऱ्याने हा घ्यावा आणि शिकावं. ओला ठेवला तर डाग धरतो, पण डी-टूइतका त्रास देत नाही.

तुमच्यासाठी मला सगळ्यात योग्य वाटतात ती स्वीडनच्या सँडविकने काढलेली दोन पोलादं, १२सी२७ आणि १४सी२८एन. यांत कार्बन जेमतेम ०.६ टक्का. ऐकायला कमी वाटतो, पण त्यामुळेच क्रोमियम ओढून घ्यायला फारसा कार्बन उरत नाही आणि कार्बाइडही बारीक राहतात. धार लवकर लागते, बारीक लागते आणि तिचा टवका सहसा उडत नाही. १४सी२८एनमध्ये शेवटचा 'एन' नायट्रोजनचा, थोडासाच घातलाय, पण त्याने कडकपणा न घालवता गंजाला चांगला अटकाव होतो. केळीच्या चिकात बरबटून माझा १४सी२८एनचा चाकू एकदा रात्रभर तसाच राहिला. सकाळी साबणाच्या पाण्याने धुतला, पुसला, संपलं.

स्विस चाकूंतलं, म्हणजे व्हिक्टोरिनॉक्सचं, पोलादही याच जातीतलं. १.४११० असा त्याचा जर्मन क्रमांक, कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, कडकपणा ५६ आरसी. लोक म्हणतात नरम आहे. आहेच. ते मुद्दाम ठेवलंय, कारण तो चाकू घेणारे बहुतेक लोक धार लावण्यात तरबेज नसतात. भरीत पार्टीला मळ्यात जमल्यावर वांग्यांना टोचे मारायला, मिरच्या नि कांद्याची पात चिरायला कुणाचा तरी चाकू लागतोच, तेव्हा दहापैकी आठ वेळा खिशातून हाच निघतो.

फ्रान्सचा ओपिनेल माझ्या आवडीचा आहे, १८९० पासून बनतोय आणि लाकडी मुठीवरची ती फिरवायची कडी, जी पातं लॉक करते, ती १९५५ ची. तो दोन पोलादांत येतो. 'कार्बन' म्हणजे गंजणारं आणि 'इनॉक्स' म्हणजे १२सी२७च्या वळणाचं स्टेनलेस. कार्बनची धार काय लागते म्हणून सांगू! पण लिंबू कापलं की पातं काळवंडतं आणि केळीच्या बागेत ते न्यायचंच नाही. आणखी एक: पावसाळ्यात त्याचं लाकूड फुगतं आणि पातं बाहेर काढायला नखं तुटायची वेळ येते. मे महिन्यात, भुसावळचा पारा ४५च्या वर जातो तेव्हा, तोच चाकू लोण्यासारखा उघडतो.

एस३०व्हीबद्दल विचारलंय म्हणून थोडं. हे २००१ सालचं अमेरिकन पोलाद, खास चाकूंसाठीच काढलेलं. वितळलेल्या धातूचा वायूने फवारा करून पूड करतात आणि ती पूड उष्णतेत दाबून पोलाद बनवतात. त्यामुळे कार्बाइड मोठे गठ्ठे करून बसत नाहीत. त्यात व्हॅनेडियम चार टक्के. व्हॅनेडियमचे कार्बाइड कुरुंदापेक्षाही कठीण असतात, आणि बाजारातला आपला साधा धारेचा दगड बऱ्याचदा कुरुंदाच्याच कणांचा असतो. म्हणजे दगड मऊ नि चाकू कठीण! याला हिऱ्याची पट्टी लागते. पोलाद उत्तमच आहे, गंजतही नाही सहजी, पण बांधावर हरवला तर आठ दिवस जेवण जाणार नाही असा चाकू मी शेतात नेत नाही.

वाचलेल्या पैशांतून दोन बाजूंचा एक दगड घ्या, एक बाजू जाड, एक बारीक. दोन्ही अंगांनी वीस अंशांच्या आत कोन ठेवा. दगड हाताशी नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करा, बुडाला जी खरखरीत, झिलई नसलेली कड असते तिच्यावर पाच-सहा हात मारले तरी टोमॅटो कापण्याइतकी धार येते. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळा द्या, हा चाकू देऊ नका. कोरड्या चाकावर धार तापून निळी पडली की लोहारबाबांनी सांगितलेलं पाणी उतरलंच समजा, मग पोलाद स्वीडनचं असो नाहीतर कमानीचं. आणि रोगट झाड कापल्यावर पातं ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवत असाल तर लगेच साध्या पाण्याने धुवा. त्यातलं क्लोरीन स्टेनलेसलाही खड्डे पाडतं.

बटण दाबलं की उघडणारा खटक्याचा चाकू घेऊ नका, पोलाद काहीही असलं तरी. सणासुदीला किंवा निवडणुकीत जमावबंदीचा आदेश निघतो त्यात शस्त्रं बाळगायलाही मनाई असते, तेव्हा गावात जाताना साधा चाकूही घरी ठेवलेला बरा. शेतात कोण विचारतो.

माझा तो पहिला डी-टू फेकला नाही. टूलरूमच्या ड्रॉवरमध्ये असतो, खोक्यांच्या पट्ट्या कापायला. तिथे कोरडं असतं, चीक नाही, चिखल नाही, आणि गेल्या दिवाळीपासून त्याला धार लावायची वेळ आलेली नाही.