चौदा टन कोण उचलणार?

घराची डागडुजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमची सोसायटी पुण्यात सहकारनगरला. इमारत १९७४ ची, तळमजला आणि वर दोन मजले. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. यजमानांना गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका येऊन गेला, आता वॉकर घेऊन चालतात. मी स्वयंपाकघरात असले की हॉलमध्ये त्यांचं काय चाललंय ते कळत नाही, जीव टांगणीला लागतो. मधली भिंत काढून दोन्ही खोल्या एक कराव्यात, असं मुलाचं म्हणणं. भिंत दहा फूट लांब, नऊ इंच जाड. एका कॉन्ट्रॅक्टरने ‘भिंत काढून वर चॅनेल टाकून देतो’ म्हणत अडतीस हजार सांगितले. वरचे शेजारी म्हणतात ती लोड बेअरिंग आहे, हात लावू नका. खरा खर्च किती येईल?
– सौ. अ. कु., पुणे

उत्तर : शेजारी बरोबर सांगताहेत. आणि त्यांना तसं म्हणायचा हक्कही आहे, कारण भिंत तुमच्या घरात असली तरी ओझं त्यांचं वाहते आहे.

१९७४ साली सिमेंट परमिटवर मिळायचं. १९८२ मध्ये ते नियंत्रण थोडं सैल झालं आणि पुरतं उठलं १९८९ मध्ये. त्या काळात बांधलेल्या कितीतरी लहान सोसायट्यांनी सिमेंट आणि सळई स्लॅबला, लिंटेलला (दारा-खिडकीवरच्या आडव्या काँक्रीट पट्टीला) आणि जिन्याला पुरवून पुरवून वापरली. उभं काम सगळं विटांचं. म्हणजे तुमच्याकडे कॉलम-बीमचा सांगाडा बहुधा नाहीच, नऊ इंची भिंत हाच तुमचा कॉलम. खात्री करायची तर मोजपट्टी घेऊन वरच्यांकडे आणि खालच्यांकडे जाऊन या. दोन्ही घरांत त्याच जागी तशीच जाड भिंत असेल, तर शंकेला जागा उरत नाही. (साडेचार इंची भिंत बहुतेक वेळा नुसता आडोसा असते. पण ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर मी कुणालाही घण उचलू देत नाही. साडेचार इंची भिंतीवर निवांत टेकलेला स्लॅब मी स्वतः पाहिला आहे.)

आता ओझं किती, ते बघू. दोन्ही खोल्या दहा-दहा फूट रुंद धरते. साडेचार इंची स्लॅब, त्यावरची फरशी, माणसं, कपाटं असं सगळं मिळून एका चौरस मीटरला पावणेसहाशे किलोच्या आसपास जातं. दोन्ही बाजूंच्या खोल्यांचा अर्धा-अर्धा भार या भिंतीवर येतो, म्हणजे एका स्लॅबचे साधारण सव्वापाच टन. तुमच्या डोक्यावर असे दोन स्लॅब आहेत, एक तुमचं छत आणि एक गच्ची. शिवाय वरच्यांच्या घरातली तीच भिंत, ती साडेतीन टनांच्या वर. बेरीज चौदा टन. विटांनी भरलेला सहाचाकी ट्रक आणि मागोमाग आणखी अर्धा, असं डोळ्यांपुढे आणा. तो दहा फुटांच्या मोकळ्या जागेवर अधांतरी उभा करायचा आहे.

चॅनेल म्हणजे पन्हळीच्या आकाराची लोखंडी तुळई. त्या कॉन्ट्रॅक्टरला एकच विचारा, ‘चॅनेल कोणता?’ अशा कामांत ज्या मापाचे चॅनेल मी निघालेले पाहिले आहेत, ते चार इंची असतात. चार इंची दोन चॅनेल जोडून टाकले तरी तुमच्या भाराला लागणारी ताकद पाव हिश्श्याएवढीही भरत नाही. ते तुटून पडतील असं नाही, आधी वाकतील. वरच्यांच्या भिंतीला तिरपी भेग जाईल, त्यांचं दार चौकटीत अडकायला लागेल, आणि तोवर कॉन्ट्रॅक्टरचा फोन लागत नसेल. अडतीस हजार हा पाडायचा भाव आहे. त्यात तोलून धरण्याचा पैसा धरलेलाच नाही.

माझ्या कच्च्या हिशेबाने तिथे अडीचशे मिलिमीटर उंचीचे दोन आय-बीम (इंग्रजी ‘I’ अक्षराच्या आकाराच्या लोखंडी तुळया) शेजारी शेजारी लागतील. त्यांची वरची-खालची पाती सव्वाशे-सव्वाशे मिलिमीटर रुंद, म्हणजे दोन मिळून गिलाव्यासकटच्या नऊ इंची भिंतीत बरोबर बसतात. दोन्ही टोकांना फूटभर टेकण धरून प्रत्येकाची लांबी बारा फूट, वजन एकशे छत्तीस किलोच्या आसपास. तुमच्या अरुंद जिन्यातून ते वर न्यायला सहा माणसं लागतील आणि वळणावर सगळ्यांची कसोटी लागेल. हेही खर्चातच धरायचं असतं, कोटेशनमध्ये ते कधी लिहिलेलं नसतं.

माझ्या डायरीतल्या अलीकडच्या पुण्यातल्या कामांवरून आकडे सांगते, दहा-वीस टक्के इकडेतिकडे धरा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची पाहणी, नकाशा आणि कामावरची देखरेख मिळून पंचवीस ते चाळीस हजार. बीम, पट्ट्या, बोल्ट, वेल्डिंग आणि गंजरोधक रंग धरून सव्वातीनशे किलोच्या पुढे लोखंड, त्याचे चाळीस हजारांपर्यंत. टेकूंचं भाडं आठ-दहा हजार. टोकांखालचे काँक्रीटचे बेड ब्लॉक आणि ग्राउट (फटी भरायचा पातळ सिमेंटचा मसाला), वीस ते तीस. भिंत उतरवणं आणि राडारोडा हलवणं, वीस-पंचवीस. त्या भिंतीत आठशेच्या आसपास विटा आहेत. गोणीत भरून पाठीवरून उतरवायच्या तर शंभराच्या वर खेपा होतात, आणि खालच्यांना रोज धूळ.

खरा खिसा कापतो तो शेवटी. भिंत गेली की तिच्या जागी नऊ इंचांचा पट्टा उघडा पडतो, तिथे फरशीच नसते. तुमच्याकडे त्या काळच्या मोझॅइक टाइल्स असतील, त्या आता जुळत नाहीत. मग ‘आता पट्टा कशाला, दोन्ही खोल्यांची फरशीच बदलू’ असा विचार घरात सुरू होतो आणि बजेट हाताबाहेर जातं. भिंतीतली वायरिंग, सिंकचा नळ, गिलावा, पुट्टी, रंग असं सगळं धरा. फरशी पूर्ण बदलली नाही तरी चाळीस ते साठ हजार. एकंदर दीड ते दोन लाख, आणि खालच्या भिंतीला बळकटी द्यावी लागली तर तीनच्या घरात.

ही ‘खालची भिंत’ कुणी विचारातच घेत नाही. आत्ता चौदा टन दहा फुटांच्या लांबीवर पसरून खाली उतरताहेत. बीम टाकलात की तेच ओझं दोन टोकांवर सात-सात टन असं एकवटणार. तिथली वीट तेवढा दाब सोसेल का? नेमकं त्या टोकाखाली तळमजल्यावर दार किंवा भिंतीतलं कपाट तर नाही ना? आणि काम चालू असताना तुमच्याकडचे टेकू तुमच्या फरशीवर उभे राहिले, तर ओझं सरळ खालच्यांच्या छतावर येतं. म्हणून टेकू त्यांच्या हॉलमध्येही लावावे लागतात, जमिनीपर्यंत. दोन-तीन आठवडे त्यांच्या सोफ्याच्या मधोमध लोखंडी खांब. त्यांनी ‘नाही’ म्हटलं तर काम तिथेच थांबतं, आणि माझ्या मते थांबायलाच हवं.

यात मी एकदा पोळले आहे. १९९१ सालची गोष्ट, साताऱ्यातल्या एका पेठेतलं जुनं घर. बीम माझा, हिशेब माझा, दोन्ही चोख. एक टोक जिथे टेकवलं तिथे गिलाव्यामागे एक बुजवलेला कोनाडा होता. कुणीतरी पूर्वी त्यात विटांचे तुकडे आणि माती भरून वरून गिलावा मारलेला. मी ती भिंत ठोकून पाहिली नव्हती. आठवड्याभरात टोक बोटभर खचलं आणि वरच्या खोलीचं दार लागेना. टेकू परत लावले, कोनाडा पक्का बांधून काढला, बीम जॅकने उचलून पोलादी पट्ट्या सरकवल्या. अर्धा खर्च मी दिला, मालकांनी मागितला नव्हता तरी. तेव्हापासून टोकाखालचा गिलावा स्वतः समोर उभी राहून उतरवून घेते.

काम करून घ्यायचंच झालं तर पद्धत अशी. एकदम आरपार तोडायचं नाही. दोन्ही बाजूंना टेकू घट्ट करायचे, मग भिंतीच्या एकाच बाजूने अर्ध्या जाडीची खाच काढायची. त्यात पहिला बीम सरकवायचा, वर लोखंडी पाचरी मारायच्या, मधली फट न आकसणाऱ्या ग्राउटने भरायची. ते ताकद धरेपर्यंत थांबायचं. मग दुसऱ्या बाजूने तसंच. दोन्ही बीम आरपार बोल्टने आवळल्यावरच खालची वीट उतरवायची, तीही छन्नी-हातोड्याने, वरून खाली. ब्रेकर मशिन घेऊन येणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. पन्नास वर्षांच्या चुन्या-सिमेंटच्या सांध्यांना तो थरथराट सोसत नाही.

परवानगीचं थोडक्यात सांगते. रंग, गिलावा, फरशी यांना पालिकेची परवानगी लागत नाही. भार घेणारी भिंत त्यात बसत नाही, तिथे परवानाधारक इंजिनिअरमार्फत अर्ज करावा लागतो आणि त्याआधी सोसायटीच्या कमिटीची लेखी संमती. तुमची इमारत तीस वर्षांच्या केव्हाच पुढे गेली आहे, त्यामुळे सोसायटीकडे स्ट्रक्चरल ऑडिटचा, म्हणजे इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा, अहवाल असायला हवा. तो मागून घ्या, इंजिनिअरचे अर्धे प्रश्न त्यानेच सुटतात. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरला चार मजली इमारत कोसळून सतरा माणसं गेली, तेव्हा तळमजल्यावर फेरबदलांचं काम चालू असल्याचं समोर आलं होतं. कमिटीवाले खोडा घालतात असं वाटलं की ही तारीख आठवा.

आता मला तुम्हालाच एक विचारायचं आहे. तुम्हाला भिंत नको आहे, की यजमान दिसायला हवे आहेत? तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात मोठा हॉल हवा असं कुठेच नाही, ते मुलाचं म्हणणं. दिसण्यापुरतंच असेल तर भिंत राहू द्या. तिच्यात चार फूट रुंदीची खिडकी काढा. खालचा कठडा अडीच फुटांवर, वरची कड दाराच्या लिंटेलच्या पातळीला. वर जवळजवळ तीन फूट वीटकाम शिल्लक राहतं, ते भार बाजूला वळवायला हातभार लावतं. तरी या खिडकीवरही साडेपाच टनांच्या आसपास ओझं आहे, तेव्हा हिशेब इंजिनिअरचाच आणि परवानगी हवीच. पण इथे दीडशे मिलिमीटरचे, सहा-सहा फुटांचे दोन बीम बहुधा पुरतात. एकेक सत्तावीस किलोच्या आसपास, दोन माणसं गप्पा मारत वर नेतील. फरशीला हात लागत नाही, विटा निघतात पावणेदोनशेच्या आसपास. टोकांवरचा भारही पावणेतीन-पावणेतीन टन, त्यामुळे खालच्यांच्या भिंतीचा प्रश्न हलका होतो. सगळं मिळून पन्नास ते साठ हजार, कठड्यावर ग्रॅनाइटची पट्टी धरून. दार त्याच भिंतीत असेल तर दार आणि खिडकी यांच्यामध्ये किमान अडीच फूट भिंत शाबूत ठेवा, आणि आडवी भिंत जिथे मिळते त्या कोपऱ्याला लागून खिडकी काढू नका.

एक उणीव आहे, तीही सांगून टाकते. भिंतीला अगदी लागून खाली कुणी पडलं, तर ओट्यापासून दिसणार नाही. त्यासाठी वॉकरच्या दांड्याला सायकलची घंटी बसवून घ्या. माझ्या सासूबाईंच्या वॉकरला होती. चहा हवा असला तरी वाजायची.

प्रश्न : हिंजवडीला बाविसाव्या मजल्यावर नवीन टू बीएचके घेतला आहे. दोन बेडरूममधली भिंत जेमतेम सहा इंची आहे. ती काढायचा खर्च किती?
– एक वाचक

उत्तर : हातात घण नसेल अशी आशा करते. बिल्डरने ‘मायवान’ पद्धतीने काम केलं आहे का, ते आधी विचारा. त्या पद्धतीत अॅल्युमिनियमच्या साच्यात भिंती आणि स्लॅब एकत्रच ओततात. भिंत सहा इंचीच दिसते, पण ती सळई घातलेलं काँक्रीट असते. वरच्या मजल्यांचा भार आणि भूकंपाचा, वाऱ्याचा आडवा जोर अशा भिंतीच घेतात. तुमची भिंत तशी असेल तर ती काढायचा भाव नाही, कारण ती काढताच येत नाही. काही टॉवरमध्ये मधल्या एखाद-दोन भिंती हलक्या ब्लॉकच्या असतात, त्या नकाशात वेगळ्या दाखवलेल्या असतात. बिल्डरकडून किंवा सोसायटीकडून स्ट्रक्चरल नकाशाची प्रत घ्या आणि इंजिनिअरकडून वाचून घ्या. एसीच्या पाइपसाठी भोक पाडतानाही हीच प्रत समोर ठेवा, मशिनवाला सळई कापून मोकळा होतो. तोवर घरच्या घरी अंदाज घ्यायचा असेल, तर कॅलेंडर टांगायला एक साधा खिळा ठोकून पाहा. ब्लॉकच्या भिंतीत तो सरळ आत जाईल, काँक्रीटमध्ये वाकेल.