घर निम्म्या किमतीत, पण पगार?

(वाचकांच्या घराविषयीच्या प्रश्नांना सोलापुरातल्या एक निवृत्त बँक अधिकारी उत्तरं देतात. 31 वर्षांच्या नोकरीतली बरीचशी वर्षं त्या गृहकर्जाच्या टेबलावर होत्या.)

प्रश्न : मी 32 वर्षांचा, मूळचा सोलापूरचा. पुण्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे. हातात 74 हजार येतात, बायकोला शाळेत 26 हजार. पुण्याच्या मांजरी भागात 18 हजार भाड्याने राहतो. तिथे टू बीएचकेचे 70 लाख सांगतात. सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात तेवढाच फ्लॅट 36 लाखांना आहे. सोलापूरजवळच्या चिंचोळी एमआयडीसीत मला 38 हजारांची नोकरी मिळतेय, बायकोला सोलापुरात 14 हजार मिळतील. आई-वडील म्हणतात, निम्म्या किमतीत घर मिळतंय, या परत. शिल्लक 9 लाख आहे. काय करू?

उत्तर : तुमच्या आई-वडिलांचं म्हणणं मला आतून कळतं. माझी थोरली मुलगी पिंपरीला असते. तिला सकाळी हुतात्मा एक्स्प्रेसला बसवून परत आले की दिवसभर घर खायला उठतं. तुम्ही सोलापुरात यावं असं मलाही वाटतं, पण घर स्वस्त आहे म्हणून येणार असाल तर आधी कागद-पेन घ्या.

व्याज साडेआठ टक्के आणि मुदत 20 वर्षं धरली तर एक लाख कर्जाला महिना 868 रुपये हप्ता बसतो. हा आकडा पाठच करून ठेवा, कुठल्याही गावात उपयोगी पडेल. पुण्याच्या 70 लाखांवर 80 टक्के म्हणजे 56 लाख कर्ज, हप्ता 48 हजार 600. तुमच्या दोघांच्या तिथल्या एक लाखातले जवळपास 49 टक्के गेले. सोलापूरच्या 36 लाखांवर 28 लाख 80 हजार कर्ज, हप्ता 25 हजार. इथे दोघांचे मिळून 52 हजार होतील, त्यातले 48 टक्के गेले. म्हणजे किंमत निम्मी झाली, पगारही निम्मा झाला आणि गळ्यातलं ओझं तेवढंच राहिलं. उद्या बाळंतपणासाठी तुमच्या पत्नीला वर्षभर घरी बसावं लागलं तर? पुण्यात तुमच्या एकट्याच्या पगारातले 66 टक्के हप्त्याला जातील, सोलापुरातही 66 टक्केच.

मी टेबलावर होते तेव्हा घरी येणाऱ्या पैशाच्या 40 टक्क्यांवर हप्ता गेला की समोरच्याला चहा सांगायचे आणि निवांत बोलायला बसवायचे. बँक त्याहून जास्तही मंजूर करते, पण बँकेने मंजूर केलं म्हणजे घराला झेपलं असं होत नाही. या हिशेबाने मांजरीच्या घराला महिना सव्वा लाखाच्या आसपास पगार हवा आणि जुळे सोलापूरच्या घराला साडेबासष्ट हजार. तुम्ही पुण्यात साधारण 21 हजारांनी कमी पडता, इथे साडेदहा हजारांनी.

खरा फरक पडतो तो सुरुवातीला हातातून घालायच्या पैशात. कर्ज 30 लाखांच्या पुढे आणि 75 लाखांच्या आत असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे किमतीच्या 80 टक्क्यांच्या वर मिळत नाही, आणि मुद्रांक शुल्क, नोंदणी हा खर्च त्या किमतीत धरत नाहीत. पुण्यात तुमचे 14 लाख, वर मुद्रांक शुल्क 7 टक्क्यांनी 4 लाख 90 हजार आणि नोंदणीचे 30 हजार, असे 19 लाखांच्या वर गेले. बांधकाम चालू असलेली इमारत असेल तर 5 टक्के जीएसटी म्हणजे आणखी साडेतीन लाख. सोलापूरच्या घराला 7 लाख 20 हजार आणि शुल्क-नोंदणीचे अडीच लाख धरा. 45 लाखांच्या आतल्या आणि 90 चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्राच्या घराला आपल्याकडे जीएसटी 1 टक्काच आहे. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेलं तयार घर घेतलंत तर तोही नाही. तुमच्या 9 लाखांत पुण्याचं अर्धं दारही उघडत नाही, सोलापूरचं जवळजवळ उघडतं.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर अजून 3 वर्षं पुण्यात भाड्यानेच राहिले असते. तुम्हाला 40 हजारांपर्यंत झेपतं. त्यातले 18 हजार भाड्याला जाऊ देत, उरलेले 22 हजार दर महिन्याला आवर्ती ठेवीत टाका. व्याज सोडलं तरी 3 वर्षांत जवळपास 8 लाख होतात, आधीचे धरून 17. तेवढे घेऊन इथे आलात तर खर्च वजा जाता 14 लाख घराच्या किमतीत घालता येतील. 35 लाखांच्या घराला 21 लाख कर्ज, हप्ता 18 हजार 200, म्हणजे तुमच्या दोघांच्या इथल्या पगाराच्या 35 टक्के. तोवर भाव चढून 40 लाखांवर गेला तरी हप्ता साडेबावीस हजारांच्या आसपास राहील, आजच्या 25 हजारांपेक्षा कमीच. पुण्याच्या पगाराचा खरा उपयोग हा आहे. तो पगार मांजरीच्या हप्त्यात जिरवू नका.

मी 36 ऐवजी 35 लाख लिहिलं ते मुद्दाम. प्रधानमंत्री आवास योजनेच्या शहरी भागाच्या दुसऱ्या टप्प्यात व्याजावर 1 लाख 80 हजारांपर्यंत अनुदान मिळतं, पाच वार्षिक हप्त्यांत. त्यासाठी कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 9 लाखांच्या आत, घर 35 लाखांपर्यंत, कर्ज 25 लाखांपर्यंत आणि नवरा-बायको दोघांच्याही नावावर देशात कुठेच पक्कं घर नसावं. पुण्याच्या 12 लाखांवर तुम्ही बसत नाही, सोलापूरच्या सव्वासहा लाखांवर बसता. योजना सप्टेंबर 2024 पासून पाच वर्षांची आहे, तेव्हा तारखेवर लक्ष ठेवा आणि त्या एका लाखासाठी बिल्डरशी घासाघीस करायला लाजू नका.

आता पाण्याचं. आपल्याकडे नळाला रोज पाणी नसतं हे तुम्ही लहानपणापासून बघितलंय, पण पुण्यात राहून माणूस विसरतो. कुणाबरोबर फ्लॅट बघायला गेले की मी आधी जिन्याखाली जाते आणि जमिनीखालच्या टाकीचं झाकण उचलायला लावते. आत काठी सोडायची, किती ओली झाली ते बघायचं. मग वॉचमनला दोनच प्रश्न : शेवटचं पाणी कोणत्या वारी आलं आणि मे महिन्यात टँकर किती मागवले. एका सोसायटीत ‘पाण्याचा काही त्रास नाही’ असं सांगत होते. झाकण उघडलं तर तळाला वीतभर गढूळ पाणी आणि भिंतीवर जुन्या पातळीची पांढरी रेघ डोक्याइतक्या उंचीवर. टँकरचे पैसे दर महिन्याच्या मेंटेनन्समध्ये येतात आणि 40 टक्क्यांच्या हिशेबात कुणी धरत नाही. तुम्ही धरा.

प्रश्न : मी शाळेचे गणवेश शिवायच्या कारखान्यात आहे, महिन्याला 13 हजार. मालक, म्हणजे माझे मिस्टर, लूमवर, आठवड्याला साडेतीन हजार. पगाराची स्लिप नाही. आम्ही घराचं नावच काढू नये का?

उत्तर : ताई, नक्की काढा. तुमच्या दोघांचे महिन्याला 28 हजार होतात. 40 टक्के म्हणजे 11 हजार 200. तुमच्यासारख्यांना व्याज जरा जास्त लागतं, म्हणून 9 टक्के धरू, लाखाला 900 रुपये हप्ता. त्यात 12 लाखांच्या आसपास कर्ज झेपतं. जुळे सोलापुरातल्या नव्या इमारतीत एवढ्यात काही बसणार नाही, पण जुनी वन आरके किंवा शहराच्या कडेचं घर बघता येईल. या गावात स्लिप नसलेल्या माणसांनी घरं मिळवलेली आहेत. कुंभारीला विडी कामगार बायकांची 10 हजार घरांची वसाहत उभी राहिली, आणि तिथेच रे नगरमध्ये असंघटित कामगारांसाठी 30 हजार घरांची योजना आली, त्यातल्या 15 हजारांच्या किल्ल्या जानेवारी 2024 मध्ये मिळाल्या.

माझ्या टेबलावर एकदा लूमवरचे एक गृहस्थ पिशवीतून सात वह्या घेऊन आले होते. हाताळून हाताळून कडा काळ्या झालेल्या. प्रत्येक आठवड्याला किती टॉवेल विणले, किती पैसे मिळाले, उचल किती कापली, सगळं लिहिलेलं आणि शेजारी मुकादमाची सही. मला त्यांचं उत्पन्न कळलं, पण फाइलला बँकेतली नोंद हवी होती आणि त्यांच्या खात्यात वर्षभरात चारदाच पैसे जमा झाले होते. एक वर्षाने परत या म्हणावं लागलं. ते मला आजही लागून राहिलंय.

म्हणून तुम्ही या आठवड्यापासून सुरू करा. मालकांचा पगार हातात आला की आधी सगळा खात्यात भरायचा, मग घरखर्चाला काढायचा. कारखान्यातून तुमचे पैसे थेट खात्यात मागा. भिशी आणि बचत गटाचं कर्ज असेल तर त्याचा हप्ता लपवू नका, बँकेला दिसतोच. आणि कुणी नोटरीवर गुंठा-दीड गुंठा जागा स्वस्तात दाखवली तर त्यावर पैसे देऊ नका, तशा कागदावर बँक कर्ज देत नाही. बारा महिने झाले की पासबुक आणि वही दोन्ही घेऊन शाखेत जा.